लिंबू, चिंच, दही आणि हरभऱ्याची आंब : आम्लांच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या रसायनशास्त्र प्रकल्पासाठी ‘रोजच्या खाण्यापिण्यातील व घरातील आम्ले’ हा विषय आज नक्की झाला. वर्गात थोडे हसे झाले, कारण हा विषय सर्वांनी शाळेत तक्ता करून भिंतीला लावलेला आहे : लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, दह्यात लॅक्टिक, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक. मार्गदर्शक मॅडमनीही स्पष्ट सांगितले, “नुसती यादी करायची असेल तर विषय बदला; मोजायचे असेल तर ठेवा.” आम्ही दोघींनी तो ठेवला.

मोजायचे म्हणजे काय, यावरच अर्धा तास गेला. जिभेला पदार्थ किती आंबट लागतो, मीटरवर त्याचा सामू (pH; जितका कमी, तितका पदार्थ अधिक आम्लधर्मी) किती येतो आणि त्यातील सगळे आम्ल संपवायला आम्लारी किती लागते, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही, असे मॅडमचे म्हणणे. माझ्या मनात आतापर्यंत तिन्ही एकच होत्या. त्यामुळे प्रत्येक पदार्थापुढे तीन रकाने आखायचे असे ठरले : चव, सामू आणि अनुमापन (आम्ल संपेपर्यंत आम्लारी सोडून तिचे मोजमाप).

५ डिसेंबर, गुरुवार

आजचा दिवस द्रावणे करण्यात गेला. सोडियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या गोळ्या ४ ग्रॅम वजन करून एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवल्या, म्हणजे कागदावर तरी ते ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे संहतीचे एकक) द्रावण झाले. वजन करताना मैत्रिणीला फोन आला आणि घड्याळकाचेवरच्या गोळ्या तीन-चार मिनिटे उघड्या राहिल्या. परत पाहिले तेव्हा त्यांच्यावर पाण्याची चकाकी आली होती. आम्ही ते तेव्हा फारसे मनावर घेतले नाही.

सामूमापक ४ आणि ७ सामूच्या प्रमाण द्रावणांत बुडवून जुळवून घेतला. सामूची ही मोजपट्टी डेन्मार्कचे सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे मद्यनिर्मितीच्या कारखान्याशी जोडलेल्या संस्थेत, मांडली. एका अंकाच्या फरकाने हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहा पटींनी बदलते, हे पाठ असूनही डोळ्यांपुढे कधी उभे राहिलेले नसते.

९ डिसेंबर, सोमवार

लिंबू आणि व्हिनेगर. हे दोन पदार्थ रंगहीन असल्यामुळे फिनॉल्फ्थॅलीन दर्शकाचा गुलाबी रंग त्यांत स्वच्छ दिसतो, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली. बाजारातून आणलेल्या पाच कागदी लिंबांचा रस काढून गाळला. पिपेटने १ मिली रस शंकुपात्रात घेऊन त्यात ५० मिली पाणी आणि दर्शकाचे दोन थेंब टाकले. ब्युरेटमधून आम्लारी पडते तेथे क्षणभर गुलाबी ढग उमटतो आणि पात्र हलवताच विरतो. शेवटी शेवटी तो ढग विरायला आळस करू लागतो. मग थेंबाथेंबाने जावे लागते आणि एका थेंबाला सगळे पात्र फिकट गुलाबी होऊन तसेच राहते. तीन वाचने आली : ९.८, ९.९ आणि ९.९ मिली.

सायट्रिक आम्लाचा सममूल्यभार (एक लिटर १ नॉर्मल आम्लारी संपवणाऱ्या आम्लाचे ग्रॅम) ६४ धरून हिशेब केला तर रसात ६.३ टक्के आम्ल निघाले. पुस्तकातला आकडा पाच-सहा टक्क्यांच्या आसपासचा असल्याने हे थोडे जास्त वाटले, पण लिंबे चांगली असतील अशी समजूत करून घेतली. व्हिनेगरच्या १ मिलीला ७.१ मिली आम्लारी लागली आणि त्यातून ४.३ टक्के ॲसेटिक आम्ल आले. बाटलीवर मात्र ४ टक्के छापलेले आहे. कोणताही कारखानदार छापल्यापेक्षा जास्त माल बाटलीत भरण्याइतका उदार असेल, यावर मॅडमचा विश्वास बसला नाही. त्यांनी फक्त एवढेच विचारले, “तुमची आम्लारी ०.१ आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले?”

सामू : लिंबू २.३, व्हिनेगर २.६.

१० डिसेंबर, मंगळवार

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील ओल ओढते आणि कार्बन डायऑक्साइडही शोषते, त्यामुळे त्याच्या वजनावर भरवसा ठेवता येत नाही. ज्याच्या वजनावर भरवसा ठेवता येतो अशा पदार्थाशी आधी त्याची गाठ घालून द्यावी लागते. प्रथम वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकात शिकलेली ही गोष्ट आम्ही तिसऱ्या वर्षी विसरलो, याची येथे नोंद करून ठेवते.

ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक ०.६३ ग्रॅम घेऊन १०० मिली द्रावण केले, ते नेमके ०.१ नॉर्मल होते. त्याच्या १० मिलीला आमची आम्लारी १०.६ मिली लागली, म्हणजे तिची खरी संहती ०.०९४३ नॉर्मल. त्या तीन-चार मिनिटांच्या फोनने आणि ओलसर गोळ्यांनी साडेपाच टक्क्यांची तूट आणली होती. कालचे आकडे नव्याने मांडले : लिंबू ६.० टक्के, व्हिनेगर ४.० टक्के. बाटलीवरचे लेबल खरे निघाले आणि आम्ही खोट्या ठरलो. यापुढे व्हिनेगरची ही बाटली आमची तपासनीस म्हणून टेबलावरच राहील.

१६ डिसेंबर, सोमवार

चिंच. नवी चिंच बाजारात यायला अजून दोन-अडीच महिने आहेत, त्यामुळे घरातली गेल्या वर्षीची, मीठ लावून ठेवलेली काळपट चिंच न घेता दुकानातून बिनमिठाची आणली. चिंचोके आणि शिरा काढून १० ग्रॅम गर गरम पाण्यात भिजवला, कुस्करला, गाळला आणि द्रावण २५० मिली केले. त्यातले १० मिली, म्हणजे ०.४ ग्रॅम गराचा अंश, एका वेळी घेतला.

कोळाचा रंग विटकरी असल्याने गुलाबी रंग त्यात हरवून जातो. म्हणून पात्रात सामूमापकाची कांडी ठेवून ८.२ सामू येईपर्यंत आम्लारी सोडली. वाचन ६.८ मिली आले. टार्टारिक आम्लाचा सममूल्यभार ७५ धरता गराच्या १२ टक्के आम्ल भरते, म्हणजे वजनास वजन पाहिले तर लिंबाच्या रसाच्या दुप्पट. शिवाय चिंचेतल्या टार्टारिक आम्लाचा काही भाग पोटॅशियमशी अर्धा बांधला गेलेला असतो. त्याचा एक हायड्रोजन आधीच गेलेला असल्यामुळे अनुमापनाला तो अर्धाच सापडतो. चिंचेत प्रत्यक्षात असलेले टार्टारिक आम्ल आमच्या १२ टक्क्यांहून जास्तच असणार. कोळाचा सामू मात्र २.८ आला. जी लिंबाच्या दुप्पट आम्ल बाळगते, तिचा सामू लिंबाहून सौम्य. यात कोळ पातळ केल्याचाही वाटा आहे, पण अर्ध्या बांधलेल्या क्षाराने सामू धरून ठेवला आहे, हे कारण अधिक महत्त्वाचे.

बहुतेक फळे पिकताना त्यांतले आम्ल खर्ची पडते. चिंचेतले टार्टारिक आम्ल तसे जात नाही, वरून साखर वाढते, म्हणून पिकलेली चिंच एकाच वेळी गोड आणि आंबट लागते. गाभुळलेल्या चिंचेची गंमत तीच आहे.

उरलेला चोथा मी घरी नेला, कारण आईने सकाळीच बजावले होते, “चोथा फेकू नकोस गं, देवाची तांब्या-पळी घासायला लागतो.” तांब्यावरचा काळा थर तांब्याच्या ऑक्साइडचा असतो. आम्ल त्याला विरघळवते आणि टार्टारिक आम्ल सुटलेल्या तांब्याला धरून ठेवते, म्हणून नुसत्या मिठाने न निघणारा थर चिंचेने निघतो. हेच रसायन ताटात उतरले की नको होते. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी ठेवली की ती कळकते, तिला हिरवट झाक आणि कडवट धातूची चव येते. कळकणे या क्रियापदाला दुसऱ्या कोणत्या भाषेत इतका नेमका जोडीदार असेल असे मला वाटत नाही. लोणच्याची बरणी चिनी मातीची असते त्याचेही कारण वेगळे नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

दही. काल संध्याकाळी सात वाजता कोमट दुधाला विरजण लावताना दुधाचा सामू ६.६ होता. थंडीमुळे पातेले शालीत गुंडाळून ठेवले. आज सकाळी सातला दही घट्ट लागले होते आणि सामू ४.५ होता. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे कण ४.६ च्या सुमारास आपला विद्युतभार गमावतात आणि एकमेकांना चिकटतात, म्हणून दही ‘लागते’. पातेले तसेच बाहेर ठेवल्यावर संध्याकाळी सातला सामू ४.१ झाला होता.

अनुमापनात एक अडचण आली, ती मोलाची वाटते. ज्यात आंबटपणाचा मागमूस नाही असे ताजे दूधही १० ग्रॅमला १.६ मिली आम्लारी खाते. ते लॅक्टिक आम्ल नव्हे. दुधातली प्रथिने आणि फॉस्फेट आम्लारी धरतात. दुग्धशाळेत दुधाची ‘आम्लता’ म्हणून जो ०.१४ टक्क्यांच्या आसपासचा आकडा लिहितात तो बहुतांशी हाच. सकाळच्या दह्याच्या १० ग्रॅमला ७.४ मिली (०.६३ टक्के) आणि संध्याकाळच्या दह्याला १०.१ मिली (०.८६ टक्के) आम्लारी लागली. सामू ४.५ वरून ४.१ वर येणे कागदावर किरकोळ दिसते, पण सकाळचे दही वडील साखर न घालता खातात आणि संध्याकाळच्या दह्याची कढीच करावी लागते.

२० डिसेंबर, शुक्रवार

शेजारच्या काकूंनी रत्नागिरीहून आणलेले कोकमाचे आगळ, म्हणजे खारवलेला रस, थोडेसे मिळाले. कोकमाचे मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक आहे, सायट्रिकचे भावंड. आगळात मीठ भरपूर असते, त्यामुळे टक्केवारीला फारसा अर्थ नाही आणि ती आम्ही काढली नाही. पण आम्लारी पडू लागताच त्याचा माणकासारखा लाल रंग मळत जाऊन निळसर-करडा झाला, हे पाहायला प्रयोगशाळेतले सगळे गोळा झाले. कोकमातली अँथोसायनिन रंगद्रव्ये स्वतःच दर्शक आहेत. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क हाच खेळ करतो. हळद मात्र फक्त आम्लारीला लाल होते आणि आम्लात पिवळीच राहते, म्हणून आमच्या कामाला तिचा उपयोग अर्धाच.

२३ डिसेंबर, सोमवार

काळे शीतपेय. ज्यासाठी मी हा प्रकल्प मनापासून करते आहे असे वाटू लागले, तो हा दिवस.

बाटली उघडून लगेच सामू घेतला : २.५. लिंबाच्या रसाला २.३ होता, म्हणजे दोघे शेजारी म्हणायचे. नंतर ५० मिली पेय पात्रात घेऊन, पाणी घालून रंग फिका केला आणि ब्युरेट सोडली. १० मिली गेले, २० गेले, ३० च्या पुढे काटा गेला तरी रंग टिकेना. पात्राच्या कडेने बारीक बुडबुडे वर येतच होते. मैत्रीण म्हणाली, “आपण कार्बन डायऑक्साइडचेच अनुमापन करतोय.” ते खरे होते. पाण्यात विरघळलेला वायू कार्बॉनिक आम्ल होऊन आम्लारी खात होता.

दुसरा नमुना रुंद पात्रात ओतून, मंद आचेवर ढवळत ठेवून सगळा वायू घालवला आणि थंड केला. सामू फक्त २.६ झाला. एवढा वायू गेला तरी सामू जेमतेम हलला, कारण कार्बॉनिक आम्ल दुर्बल आहे आणि सामूची सूत्रे फॉस्फोरिक आम्लाच्या हातात आहेत. आता ५० मिलीला ५.६ मिली आम्लारी पुरली. फॉस्फोरिक आम्लाचे दोन हायड्रोजन धरून हिशेब केला तर लिटरला सुमारे अर्धा ग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के.

आता दोन्ही शेजारी एका ओळीत मांडले. लिंबाच्या १ मिली रसाला ९.९ मिली आम्लारी लागते आणि शीतपेयाच्या १ मिलीला ०.११ मिली. जवळजवळ ८८ पटींचा फरक. सामूतला फरक मात्र ०.२ चा, म्हणजे हायड्रोजन आयनांत दीडपटीहून थोडा अधिक. सामू त्या क्षणी सुट्या असलेल्या हायड्रोजन आयनांची मोजणी सांगतो आणि अनुमापन कोठारात बांधून ठेवलेलेही बाहेर काढते. फॉस्फोरिक आम्ल तुलनेने सबळ असल्याने थोड्यातही भरपूर आयन सोडते. सायट्रिक आम्ल दुर्बल असल्याने हातचे राखून ठेवते आणि मागणी येईल तसे देत जाते.

जिभेचा रकाना भरताना मात्र दोघींचेही मत एकच पडले : शीतपेय आंबट लागतच नाही. त्याच्या लेबलावर १०० मिलीला १० ग्रॅमहून अधिक साखर लिहिलेली आहे. २.५ सामूचे पेय लहान मुले घटाघटा पितात ते या साखरेच्या आडोशाने. दातावरचे आवरण साखर पाहत नाही. ते साडेपाचच्या आसपासच्या सामूखाली विरघळू लागते.

२७ डिसेंबर, शुक्रवार

घरातील वस्तूंची लेबले वाचून काढली. खाण्याच्या जिनसांप्रमाणे यांचे अनुमापन करायचे नाही असे मॅडमनी बजावले आहे आणि ते योग्यच आहे. शौचालय साफ करण्याच्या द्रवात सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. तो आणि हायपोक्लोराइट असलेले विरंजक एका वेळी वापरले तर क्लोरीन वायू सुटतो, ही गोष्ट आमच्या इमारतीतल्या एकाही घरात माहीत नव्हती. इन्व्हर्टरच्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते आणि पूर्ण भारित बॅटरीत त्या द्रवाची घनता पाण्याच्या सव्वापटीहून थोडी जास्त भरते. फ्रूट सॉल्टच्या पुडीवर आपल्याकडे ‘निंबुकाम्लम्’ आणि ‘स्वर्जिक्षार’ अशी भारदस्त नावे असतात. ते सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा आहेत, आणि ढोकळ्याच्या पिठात लिंबूसत्व व सोडा घालणारी बाई तीच पुडी घरी बनवत असते.

२९ डिसेंबर, रविवार, मामांचे गाव

उद्या वेळ अमावस्या, म्हणून सगळे मामांकडे आलो आहोत. लातूर-धाराशिवकडे या दिवशी गावात माणूस दिसत नाही, सगळे शेतात असतात. माझ्या पिशवीत मात्र सामूपट्टीची डबी, काचेच्या चार बाटल्या आणि एक पांढरे धोतर आहे, कारण प्रकल्पातला जो नमुना दुकानात मिळत नाही तो मला येथूनच न्यायचा आहे : हरभऱ्याची आंब.

हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते. तिच्या टोकावरच्या ग्रंथी आंबट द्रव बाहेर टाकतात. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. दिवसा तो द्रव पानावर सुकतो आणि रात्री दवात विरघळतो. पूर्वी संध्याकाळी पिकावर धुतलेले फडके पसरून, पहाटे ते पिळून ही आंब बाटलीत भरून ठेवत आणि पोटदुखीला चमचाभर देत. मामांनी लहानपणी ती प्यायलेली आहे. पहाटे हरभऱ्यातून चालले की पोटऱ्यांना झोंबते आणि चपलांचे कातडे खराब होते, हे तर आजही शेतात जाणारा प्रत्येक जण सांगतो.

संध्याकाळी धोतर पसरले. आजीने शेंडे खुडताना सहज सांगितले, “पाला धुऊ नको बाई, आंब जाती समदी.” हे वाक्य मी दरवर्षी ऐकत आले आहे. आज पहिल्यांदा ते मोजता येईल असे वाटले.

३० डिसेंबर, सोमवार, वेळ अमावस्या

पहाटे साडेपाचला धोतर पिळले. जेमतेम ४० मिली द्रव निघाला आणि पट्टीचा रंग ४ च्या जवळ थांबला. रात्री आभाळ आल्याने दव कमी पडले होते, पण तेवढ्याने हे होणार नाही. धोतर काल मामींनी धुण्याच्या पावडरीने धुऊन, एकाच पाण्यातून काढून दिले होते. पावडर आम्लारीधर्मी असते, तेव्हा आमची आंब कापडातच अर्धी मेली असणार. नमुना टाकून दिला. धोतर विहिरीवर नेऊन चार पाण्यांतून पिळले आणि शेवटी बाजारच्या बाटलीबंद पाण्यातून काढले, त्यावरून मामांनी दिवसभर चेष्टा केली.

दुपारी कडब्याच्या कोपीपुढे पूजा झाली आणि पंगत बसली : बाजरीचे उंडे, भज्जी आणि माठातली आंबील. ताकात ज्वारीचे पीठ शिजवून आंबवलेल्या या आंबिलीची पट्टी ४ च्या किंचित खाली गेली. लॅक्टिक आम्लाचा हा नमुना दह्याच्या पंक्तीतला आहे, फक्त येथे जिवाणूंना दुधाच्या जोडीला ज्वारीही मिळाली आहे. तिसरा पेला ओतून घेताना पट्टी बुडवायचे विसरले.

३१ डिसेंबर, मंगळवार

रात्री आभाळ निरभ्र होते. पहाटे धोतर जड झाले होते आणि पिळताना बोटांच्या चिरांना आंब झोंबत होती. १८० मिली द्रव मिळाला, पिवळसर, किंचित गढूळ, हरभऱ्याच्या ओल्या पाल्याचा वास असलेला. पट्टी २ आणि ३ च्या मध्ये. बोटाला लागलेला थेंब जिभेवर ठेवला. लिंबासारखा एकदम चटका नाही, आंबटपणा हळूहळू चढतो आणि दात खरखरीत करून जातो.

काल आभाळ आणि पावडर या दोन्ही गोष्टी एकाच रात्री आल्यामुळे कशाचा वाटा किती, हे या दोन नमुन्यांवरून सांगता येत नाही, अशी टीप येथे जोडते.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

सर्वांत आधी आम्लारी पुन्हा तपासली : आता ०.०९३५ नॉर्मल. बाटलीत शिरलेल्या हवेने थोडी आणखी खाल्ली.

आंबेचा सामू मीटरवर २.३, म्हणजे लिंबाइतकाच. ५ मिलीला ३.४ मिली आम्लारी लागली. सगळे मॅलिक आहे असे समजून हिशेब केला तर ०.४३ टक्के. सामूने ती लिंबाची बहीण वाटते आणि साठ्याने मात्र लिंबाच्या जेमतेम पंधराव्या हिश्शाएवढी भरते. यात ऑक्झॅलिक असल्याची खात्री करण्यासाठी थोडा अमोनिया घालून तीव्रता कमी केली आणि कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण सोडले. लगेच पांढरा साका धरला आणि तो ॲसेटिक आम्लात विरघळला नाही. तो कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. आंबटचुक्याच्या रसानेही हाच साका दिला. लिंबाच्या रसाने थंडपणी दिला नाही, पण उकळल्यावर पांढरा कॅल्शियम सायट्रेट खाली बसला. स्वीडनचे औषधविक्रेते कार्ल शेले यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल वेगळे केले ते याच कॅल्शियमच्या वाटेने. त्यांनीच १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आणि १७८५ मध्ये सफरचंदातून मॅलिक आम्ल ओळखले. आमच्या तक्त्यातली निम्मी नावे एकाच माणसाच्या टेबलावरून आली आहेत.

अळूची पाने येथे उलट्या टोकाला बसतात. त्यांतही ऑक्झॅलेट आहे, पण ते कॅल्शियमशी पक्के बांधलेले, पाण्यात न विरघळणाऱ्या सुयांच्या रूपात. त्यामुळे रस आंबट लागत नाही, आणि घसा मात्र खाजतो.

६ जानेवारी, सोमवार

आजीच्या वाक्याची परीक्षा. मामांनी पहाटेच्या एसटीने कंडक्टरजवळ शेंड्यांची जुडी पाठवली, कागदात गुंडाळून, पाणी न मारता. २० ग्रॅम पाला १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात एक मिनिट हलवून उपसला, मग तोच दुसऱ्या आणि तिसऱ्या १०० मिलीत. शेवटी पाला वाटून, उकळून, गाळून त्याचा अर्क केला. प्रत्येकाच्या निम्म्या भागाचे अनुमापन करून दुप्पट केले.

पहिल्या पाण्याला ८.२ मिली आम्लारी लागली, दुसऱ्याला १.८, तिसऱ्याला ०.४ आणि वाटलेल्या पाल्याला ३.०. एकूण १३.४ मिलीपैकी ८.२ मिली, म्हणजे ६१ टक्के आम्ल, एका मिनिटाच्या एकाच धुण्यात गेले. दोन धुण्यांत पाऊण हिस्सा संपला. ‘समदी’ नाही, पण आजीला चूक म्हणण्याइतकेही उरले नाही.

आमच्याकडे पाला ऊर्ध्वपातित पाण्याने कोणी धूत नाही, म्हणून घरच्या बोअरचे पाणी आणून त्याची आम्लारीधर्मिता हायड्रोक्लोरिक आम्लाने काढली. ५० मिलीला ०.१ नॉर्मल आम्ल ३.२ मिली लागले. म्हणजे या जड पाण्याच्या १०० मिलीतले बायकार्बोनेट एकटे ६.४ मिलीइतके आम्ल मारते. पानाला चिकटून राहिलेल्या थेंबांतली आंबही मग आंब राहत नाही. नळाला आलेल्या गोड्या पाण्यापेक्षा बोअरच्या पाण्याने धुतलेली भाजी जास्त सपक लागते, असे आई म्हणते ते केवळ तिच्या मनाचे खेळ नसावेत.

९ जानेवारी, गुरुवार

तक्ते पाहून झाल्यावर मॅडमनी विचारले, “घाटेअळीसाठी फवारणी केलेल्या शेतातला पाला असेल, तरी न धुता खायचा का?” मामा घरच्या भाजीसाठी बांधाकडेच्या चार ओळी फवारणीविना ठेवतात, हे मी सांगितले. बाजारातल्या जुडीबद्दल तसे सांगता येत नाही, हेही कबूल केले. “मग तुमच्या आकड्यांवरूनच उत्तर काढा.”

ते काढले. २० ग्रॅम पाल्यातून पहिल्या धुण्यात ०.७७ मिलीसममूल्य (१ नॉर्मल आम्लारीचा १ मिली संपवणारे आम्ल म्हणजे एक मिलीसममूल्य) आम्ल जाते. लिंबाच्या १ मिली रसात ०.९३ असते. पाव किलो पाल्यासाठी हा तोटा साधारण १० मिली रसाने, म्हणजे मध्यम आकाराच्या अर्ध्या-पाऊण लिंबाने, भरून निघतो. तेव्हा बाजारचा पाला नीट धुवावा आणि घोळाण्यावर तेवढे लिंबू पिळावे.

संध्याकाळी आजी आमच्याकडे आली होती. धुतलेल्या पाल्याचा, कांदा-तिखट-तेल घालून, मोजून १० मिली रस पिळलेला घोळाणा तिच्या ताटात वाढला आणि काही न सांगता थांबले. तिने भाकरीबरोबर दोन घास खाल्ले, मग माझ्याकडे पाहिले. “आंबट झालंय,” ती म्हणाली, “पर हरभऱ्यावाणी न्हाई. धुतलास व्हय गं पाला?”